प्रॉक्टर सरांच्या टेबलावरची थापी

मी थापी. विटांवर चुना थापणारी नव्हे. माती हलक्या हाताने खरवडून खालचं जुनं जग उघडं करणारी. सध्या अ‍ॅरिझोनातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, प्रॉक्टर सरांच्या टेबलावर पडून आहे. आणि मला या माणसाची किळस येते.

पुरातत्त्वाच्या पहिल्या तासाआधी इमेल्दा किहुइस नावाच्या विद्यार्थिनीने मला विकत घेतलं. तिचा बाप छपरं घालायचा, थापी त्याच्या रोजच्या हातातली. मला बघून म्हणाला, "एवढं शिकून शेवटी थापीच धरणार? ती मी फुकट दिली असती की!"

सरांनी सगळ्यांना कानशीने थाप्यांच्या कडा घासायला लावल्या. "बोथट थापी माती फाडते," म्हणाले. एवढं एक ते खरं बोलले. बाकी सगळी स्वप्नं. "बांधायच्या आधी खाली जुनं काही आहे का ते खोदून बघायचं, असा कायदाच आहे. वाळवंटात बांधकामं थांबतील का? मग तुमच्या नोकऱ्या कशा थांबतील?" पोरं खूश. ही कामं घेणाऱ्या कंपनीत आपणच साहेब आहोत, हे मात्र सरांनी गिळलं.

शिक्षण संपलं आणि इमेल्दाला त्याच कंपनीत काम मिळालं. काम कसलं! चार दिवस खोदायचं, मग महिनाभर फोनची वाट बघायची. मोटेलच्या एका खोलीत चौघी, जेवायला पेट्रोल पंपावरचा शिळा बरिटो. तिला पक्की नोकरी हवी होती. सर म्हणाले होते, "गोदाम बांधायची ही जागा वेळेत खोदून मोकळी करून दे, तुझं नाव पुढे करतो."

त्याच जागेवर माझी कड अचानक मऊ राखेत उतरली. इमेल्दा गुडघ्यांवर बसून हळूहळू माती काढत गेली. गोल खड्डा, भोवती भाजून लाल झालेली कड. चूल! शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने लिपलेली.

सर आले. वाकलेसुद्धा नाहीत. "उंदराचं बीळ आहे."

"सर, कड भाजलेली आहे."

"बिळात काळी माती भरते. शिकवलं होतं ना?"

"शिकवलं होतं. पण उंदीर चूल लिपत नाहीत, सर."

बाजूची पोरं फिस्सकन हसली. सरांनी आवाज खाली आणला. "हे बघ पोरी, चूल म्हटली की काम थांबणार, आणि गोदामाचा मालक पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीला बोलावणार. खरवडून सपाट कर. नोकरी हवीय ना?"

इमेल्दाने मला त्यांच्या हातात कोंबलं. "तुम्हीच करा. मला शिसारी येते."

ती तडक रस्त्याकडे निघाली. ही जमीन ज्यांच्या पूर्वजांची, त्या ओओधाम लोकांच्या कचेरीला ती चालता चालताच फोन लावत होती. ती माणसं पोचेपर्यंत सरांनी माझ्याकडूनच त्या लाल कडेचा भुगा करून घेतला होता. इमेल्दाला मग कुठल्याच कंपनीने उभं केलं नाही. सरांच्या शब्दाला वजन आहे ना!

आता प्रत्येक नव्या वर्गापुढे ते मला उचलून धरतात. "माझ्या एका गुणी विद्यार्थिनीची थापी!"

"ती आता कुठे असते, सर?"

"फार पुढे गेली."

पोरांनो, खोदायला जरूर शिका. मातीने अजून कुणाला फसवलेलं नाही. फक्त मी हातोहात तुमच्यापर्यंत आले की सरांना भर वर्गात विचारा, हिने शेवटचं काय खरवडलं? मला तोंड नाही. तुम्हाला आहे.