सखाचं ‘व्हय’

मी टेपरेकॉर्डर बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच बोललो. आज जरा माझं ऐका.

१९८२ साली ललिताबाईंनी मला मुंबईत विकत घेतलं. मतिमंद आरोपींवर त्यांचं संशोधन चालू होतं. मला खांद्याला अडकवून त्या एसटीने महाडला, आपल्या माहेरगावी आल्या. तिथे सखा कच्च्या कैदेत होता.

पोलादपूरच्या डोंगरावरच्या वाडीतला हा गडी. वय तिशीचं, समज लहान पोराची. वाडीतल्याच महिपतचा गोठा जळाला आणि सखाचे हात भाजलेले दिसले. लोकांनी घेरून विचारलं, “तूच पेटवलास ना?” तो म्हणाला, “व्हय.” झालं! संपला विषय!

ललिताबाईही छापील प्रश्नच वाचत. “तुला राग आला होता का?” “व्हय.” “काडी तू ओढलीस का?” “व्हय.” तो जरा गप्प झाला, की सेल वाचवायला त्या माझं बटण खटकन बंद करत. नुसता वैताग! अहो बाई, त्याचे ओठ हलतायत, थांबा की! पण माझं कोण ऐकणार?

तिसऱ्या भेटीत त्यांनी विचारलं, “तू एकटाच होतास का?”

“व्हय.”

“बरोबर कोणी होतं का?”

“व्हय.”

बाई चपापल्या. “सखा, मी तुझी आई आहे का?”

“व्हय.”

त्यांनी कागद बाजूला सारले. “त्या दिवशी काय झालं रे?”

सखा गप्प. मी फिरतोच आहे. बाईंचा हात बटणाकडे गेला आणि मागे आला.

“वासरू वरडत व्हतं,” सखा म्हणाला. “दावं सुटना. मंग दातानं तोडलं.”

बाईंनी ही फीत वकिलाला ऐकवली. वासरू बाहेर सापडलं, गळ्यात तुटकं दावं होतं, हे महिपतने कोर्टात विचारल्यावर कबूल केलं. मग इतके महिने गप्प का बसला होता हा बाबा? तर म्हणे, कुणी विचारलंच नाही! ऐकून माझी फीतच गुंतायची राहिली.

सखा सुटला. पुढे बाई मला घेऊन वाडीवर गेल्या. सखाची बहीण बायजा दारातच रडायला लागली. “समदी त्याला आग्या म्हनत्यात, बाई. गोठ्याकडं गेला की दगुड मारत्यात. सुटून काय उपेग?”

आता मी बाईंच्या कपाटात पडून आहे. सेल गळून पोटात गंज चढलाय. प्रबंध मात्र छान बांधणीचा, शेजारीच ठेवलाय. तुम्ही कधी त्या वाडीवर गेलात, तर एवढं करा. चारचौघांत, मोठ्याने, त्याला सखा म्हणून हाक मारा.