डाव्या स्पीकरची लाल तार

मित्रांनो, मी एक जुना लाउडस्पीकर आहे. जोडीतला डावा. पेटी सागवानी, तोंडावर जाड कापड आणि आत काळ्या कागदाचं नरसाळं. ते थरथरलं की मी बोलतो. स्वतःचं मला काहीच बोलता येत नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढे माझ्यावर भुताटकीचा आळ आला.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हाची गोष्ट. भंडाऱ्याकडचा तेजराम तिथे इलेक्ट्रिशियन होता. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन साहेबाकडून त्याने टेपरेकॉर्डर घेतला, अ‍ॅम्प्लिफायर स्वतः जोडला आणि त्या अ‍ॅम्प्लिफायरला झेपतील असेच आम्ही दोघे भाऊ पारखून आणले. "बैलजोडीसारखं हाये हे," तो बायकोला, कांताला, सांगे. "लाल तार लालले, काळी काळीले. एकाची जरी उलटी लागली, तर आवाज घर सोडून जाते."

जोडणी तपासायला त्याने टेपवर स्वतःचाच आवाज भरला. "कांता, मी कुठी आहो? सांग बरं." कांता डोळे मिटून ऐके. आवाज ना माझ्याकडून येई, ना भावाकडून. आमच्या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेतून येई. "मधात!" ती म्हणे आणि दोघं हसत. क्वार्टरच्या ओळीतली माणसं आम्हांला ऐकायला येत. तेव्हा आमचा थाट काय वर्णावा!

पुढच्या वर्षी काविळीने तेजराम गेला.

तेरवी झाली आणि त्याच्या आईने, मैनाबाईने, घरातलं लाल तेवढं काढलं. कांताची लुगडी, बांगड्या, कुंकवाचा करंडा. आमच्या लाल तारासुद्धा. "आता या घरात लाल कायले?" ती म्हणाली. ती दुष्ट नव्हती. तिचा नवरा गेला तेव्हा तिच्यासोबतही असंच झालं होतं. खिडकीत बसणारी कारखान्याची तांबडी धूळही ती रोज पुसून काढी.

कांताने आम्हांला दिव्याची पांढरी वायर लावली. दोन्ही पदर सारखेच. भावाची बरोबर लागली, माझी उलटी. तो श्वास सोडी तेव्हा मी ओढून घेई.

दिवेलागणीला तिने टेप लावली. "कांता, मी कुठी आहो?"

आवाज मधून आला नाही. पाठीमागून आला, छतातून आला, कुठूनच आला नाही. कांता गर्रकन वळली. मागे भिंत होती. मैनाबाईच्या हातातलं निरांजन विझलं.

"भटकून राहिला तो," ती पुटपुटली. "जागा नाही भेटली त्याले. उद्या हे डबे शिवनाथेत सोडून देऊ."

मला सगळं कळत होतं. पण सांगू कसं? "सांग बरं," माझ्याच तोंडून तेजराम विचारत होता. मलाच माझी भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी आम्हांला गोणपाटात बांधलं. कांताने गाठ धरून ठेवली. नवऱ्याचा तेवढाच आवाज उरला होता, तोही नदीत जाणार होता.

"माय, तो भटकून नाही राहिला," ती म्हणाली. "तार उलटी लागली. लाल होती तवा चुकत नव्हती. मले ती लाल तार पाहिजे."

मैनाबाई उठली. मग तिने आपल्या पेटीच्या तळातून एक पुरचुंडी काढली. करंडा होता तिच्यात. आमच्या ताराही होत्या. तिने काहीच फेकलं नव्हतं.

कांताने तारा जोडल्या. टेप फिरली. "मी कुठी आहो? सांग बरं."

आमच्या मधोमध, रिकाम्या जागेत, तेजराम उभा होता. कांताने डोळे मिटले. उत्तर मैनाबाईने दिलं.

"मधात आहेस बाबू. घरातच आहेस."

तिने तारा पुन्हा काढल्या नाहीत. करंडाही पेटीत परत गेला नाही. तो तिने कांताच्या हाती दिला.

आज आम्ही माळ्यावर आहोत. टेप कधीच तुटली. मित्रांनो, स्पीकर जोडताना रंग बघून जोडा आणि कोणाच्या घरातला रंग काढू नका. एवढंच मागणं. आणि दिवेलागणीला कधी माझा कागद आपोआप थरथरला, तर पळू नका. "मधात" एवढंच म्हणा.