ज्योत झाकणारी बरणी

मित्रांनो, जरा डोळे मिटा. एक छोटी खोली डोळ्यांसमोर आणा. मधोमध टेबल, त्यावर पेटती मेणबत्ती आणि भोवती दाटीवाटीने बसलेली मुले. आता टेबलाच्या कडेला पाहा. तिथे मी आहे.

मी एक जुनी काचेची बरणी आहे. भट्टीच्या धगीत माझा जन्म झाला. पुढे कितीतरी वर्षे मी एका दुकानात गोळ्या सांभाळल्या. माझे झाकण हरवले, तेव्हा दुकानदाराने मला रविवारच्या शाळेतल्या बाईंना देऊन टाकले. बाई बायबलमधले धडे नुसते तोंडाने शिकवत नसत. मुलांच्या हातून प्रयोग करून घेत.

माझे काम सोपे होते, पण मला ते कधीच आवडले नाही. बाई मला पेटत्या मेणबत्तीवर पालथी घालत. ज्योत बारीक होई, थरथरे.

"बाई, गुदमरतेय ती!" मुले ओरडत.

"आतली हवा वापरली गेली, की असंच होतं. म्हणून येशूनं सांगितलं, दिवा लावून झाकून ठेवू नका. तुमच्यातला चांगुलपणाही झाकू नका. चिमणे, उचल लवकर!"

चिमणी वर्गात सगळ्यांत लहान. मला उचलण्याचा मान तिचा. ती नेमकी वेळेवर उचले, ज्योत पुन्हा ताठ होई, टाळ्या वाजत.

"बाई, हिच्यात परत गोळ्या कधी भरणार?" मागून कोणीतरी हमखास विचारी.

मग चिमणीची आई आजारी पडली, आणि गेली. शवपेटीचे झाकण लावू लागले, तेव्हा चिमणी किंचाळली, "झाकू नका! विझेल ती! बाई, मला उचलू द्या ना!" बाबांनी तिला घट्ट धरून ठेवले होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला कपाटाच्या तळाशी ठेवले. वर्ग भरत राहिला. माझ्यावर धूळ साचत गेली. कोणी माझे नाव काढीना.

एके दिवशी चिमणीचे बाबा तिला घेऊन आले. "बाई, ही घरात एकाही डब्यावर झाकण राहू देत नाही. पिठात मुंग्या झाल्या. रागावू तरी कसा?"

बाईंनी मला बाहेर काढले. चिमणीला जवळ घेतले. "झाकणामुळे नाही गं गेली आई. ती आधीच गेली होती. उचलून काही झालं नसतं."

"मग मला उशीर नाही झाला?"

"नाही गं बाळा. मुळीच नाही."

चिमणी खूप वेळ रडली. बाबाही रडले.

मित्रांनो, जुनी वस्तू कपाटात कोंडण्याआधी ती एकदा हातात घेऊन पाहा. आणि लहानग्याच्या मनातला प्रश्न तर कधीच झाकून ठेवू नका. मी अंधारात होते तितके दिवस तो प्रश्न चिमणीने एकटीने वागवला.

मग तिने मला फ्रॉकने पुसले. पालथी नाही, सरळ उभी ठेवली आणि पेटती मेणबत्ती माझ्या आत बसवली. ज्योत माझ्या पोटात होती आणि विझत नव्हती! मला दोन्ही हातांनी धरून ती आईच्या कबरीकडे निघाली. वारा सुटला, तसा बाबांनी माझ्या तोंडावर तळवा धरला.

"बाबा, वरून नको हं," ती म्हणाली, आणि चालत राहिली.