धुराला भुललेली माणसं

मी डासांवर धूर सोडणारं मशीन बोलतोय. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, लोकांचे जीव वाचवू. आता लाज वाटते. माझी नव्हे, लोकांची.

मी गल्लीत शिरलो की खिडक्या धडाधड बंद. धूर बाहेर, डास आत! तरी मंडळी खूश. आवाज मोठा, धूर दाट, म्हणजे काम झालंच. अहो, धुरात सापडलेला उडता डास तेवढा मरतो. पाण्यातल्या अळीच्या केसालाही धक्का लागत नाही. आठवड्याभरात नवी फौज हजर.

माझ्यासोबत आरोग्य खात्याच्या ताई असत. हातात लांब दांड्याची पांढरी पळी. पिंप, कुंडी, टायर, जिथे पाणी तिथे ती बुडवायची आणि अळ्या शोधायच्या. पण त्यांना दार उघडणं लोकांच्या जिवावर यायचं.

असेच एक महाभाग, एका इमारतीचे सेक्रेटरी.

"आमच्याकडे डास? आम्ही शिकलेली माणसं आहोत. तुम्ही गटारावर धूर मारा."

"साहेब, डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो. पाच मिनिटं बघू द्या."

"आत्ताच फरशी पुसलीय. नंतर या."

दोनदा हेच. तिसऱ्यांदा गेलो, तर त्यांची बायको डेंग्यूने दवाखान्यात, प्लेटलेट्स घसरलेल्या. दार त्यांच्या सासूबाईंनी उघडलं. मला उंबऱ्याशी ठेवलं आणि ताई आत गेल्या. फ्रिजमागचा ट्रे ओढला. त्यात पाणी, पाण्यात वळवळ.

"छे, हे साधे किडे आहेत," शिकलेले सेक्रेटरी मागून म्हणाले.

ताईंनी वाद घातला नाही. थोडं पाणी बरणीत घेतलं, तोंडाला फडकं घट्ट बांधलं आणि बरणी टेबलावर ठेवली. उरलेलं पाणी त्यांनी बाहेर मातीत ओतलं, ट्रे खसाखसा घासला. "कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जगतात," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "नुसतं ओतून भागत नाही."

तीन दिवसांनी पुन्हा गेलो. बरणीत पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचे डास भिरभिरत होते. वाटलं, आता तरी डोक्यात प्रकाश पडेल. तर सेक्रेटरी म्हणाले, "बघितलंत? म्हणूनच सांगत होतो, धूर मारा!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "जावईबापू, माझी लेक तिकडे सलाइनवर आहे. सरका बाजूला."

त्या दिवशी त्या ताईंसोबत इमारतीतलं एकूण एक दार ठोठावत फिरल्या. म्हातारीला नाही म्हणायची कुणाची टाप होती? गच्चीवरच्या फुटक्या बादलीपर्यंत सगळं रिकामं झालं, घासलं गेलं. लेक नवव्या दिवशी घरी आली, भिंत धरून चालत. पण आली. त्या मोसमात त्या इमारतीत दुसरा रुग्ण निघाला नाही.

सेक्रेटरी मात्र अजून सांगतात, "आमच्याकडे वेळेवर धूर झाला ना!"

आता मी गोदामात गंजत पडलोय. बाहेर फोन खणखणतो, "मशीन कधी पाठवताय?" मेहेरबानी करा, मला बोलावू नका. आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडं घासायला दोन हात पुरतात. ते तुम्हाला आहेत. मला नाहीत, आणि तरीही तुम्ही माझीच वाट बघत बसता.