पन्नास दोऱ्या

धबधब्यांच्या सहलीला निघायच्या आदल्या संध्याकाळी सूनबाईंनी सगळ्यांच्या सॅक आपल्या बेकरीतल्या वजनकाट्यावर चढवल्या. मैद्याची पोती तोलणारा तो काटा कुणाचीही भीडभाड ठेवत नसे. आजोबांच्या सॅकमधून जादा बूट निघाले, छत्री निघाली, जडशीळ दुर्बीणही निघाली. तरुणपणी लिहिलेल्या जुन्या वहीला मात्र त्यांनी हात लावू दिला नाही.

"तिसऱ्या धबधब्याची वाट फक्त हिच्यात आहे."

"आणि ही दोरी कशाला?"

"कपडे वाळत घालायला!" नात घाईघाईने म्हणाली. दहा वर्षांच्या त्या काडीला घरात सगळे टिचकी म्हणत.

दोरी बरोब्बर वीस मीटरची होती, दोन्ही टोकांना गाठी. आजोबांनी चाळीस वर्षं जमिनी मोजल्या होत्या आणि सुट्टीत टिचकीला तेच शिकवलं होतं. घरासमोरच्या रस्त्यावर दोरी पसरायची, नेहमीसारखं चालायचं, पावलं मोजायची. एका दोरीला टिचकीची पावलं चाळीस. आजोबांची मोजायची गरजच नव्हती. तरुणपणापासून सव्वीस म्हणजे सव्वीस. शिकवणीचा नियमही एकच होता: मोजल्याशिवाय भांडायचं नाही.

पहिले दोन धबधबे शनिवारी पाहून झाले. रविवारी सकाळी ओढ्यावर बाटल्या भरताना आजोबांच्या कानावर मुलाचं बोलणं पडलं. मुलगा दवाखान्यात एक्स-रे काढायचा. मोडकी हाडं पाहून पाहून त्याला जिथेतिथे धोकाच दिसे.

"बाबांना आता काय आठवणार? पुढच्या वेळी त्यांना घरीच राहू दे, आपण वाटाड्या घेऊ."

आजोबांनी बाटलीचं झाकण गच्च लावलं. तिसरा धबधबा दाखवला की झालं!

"बारा वाजता मागे फिरायचं हं," मुलाने बजावलं. "शेवटची बस चारची आहे."

वहीत लिहिलं होतं: लाकडी पुलापासून तेराशे पावलं, मग डावीकडे खडकांमधून खाली. पूल ओलांडताच आजोबा मनात आकडे म्हणत चालू लागले. तेराशेव्या पावलाला थांबले. डावीकडे काटेरी जाळी होती. मांजरसुद्धा शिरलं नसतं.

"बाबा, इतक्या वर्षांत रान वाढलं असेल," मुलगा हळू आवाजात म्हणाला. हा हळू आवाज आजोबांना जास्त लागला. साडेअकरा वाजले होते.

"पण आजोबा, तेराशे पावलं म्हणजे पन्नास दोऱ्या," टिचकी म्हणाली. "माझी दोन हजार व्हायला हवीत. मी अजून सोळाशे पंचवीसवरच आहे."

"मधे कुठे तरी चुकली असशील."

टिचकीचे कान लाल झाले. आई काही बोलणार, एवढ्यात तिने सॅकमधून दोरी ओढली, एक टोक आपल्या बाबांच्या हातात कोंबलं आणि दुसरं घेऊन वाटेवर धावत गेली.

"मोजल्याशिवाय भांडायचं नाही. चाला, आजोबा! नेहमीसारखं. मुद्दाम ढांगा टाकायच्या नाहीत."

आजोबा चालले. सव्वीस म्हटलं, तेव्हा गाठ अजून चांगलीच दूर होती. गाठीशी पोचले तेव्हा आकडा होता बत्तीस.

मुलाने सावरून घेतलं, "ओढ्यात भिजून दोरी लांबली असेल, बाबा."

"ओली सुती दोरी आखडते, लांबत नाही!" टिचकी म्हणाली. "आजोबांनीच शिकवलंय. दोरी खरी आहे. आजोबांचं पाऊल लहान झालंय."

आजोबांनी आपल्या बुटांकडे पाहिलं. जगभराच्या जमिनी मोजल्या, आणि हे दोन पाय मोजायचे राहूनच गेले! ते मोठ्याने हसले. मग त्यांनी वही नातीच्या हातात दिली.

"आता वाट तू काढायची. किती राहिली?"

"माझी तीनशे पंचाहत्तर."

टिचकी पुढे झाली. आजोबा तिच्या मागे, आणि मुलगा सगळ्यांत शेवटी. तिच्या पाठीवरची सॅक गुडघ्यांपर्यंत लोंबत होती, पण पाऊल एकसारखं पडत होतं, ना लांब ना आखूड. आजोबांनी हाताखाली कितीतरी उमेदवार तयार केले होते. साहेबाला तोंडावर 'तुमचं चुकलं' म्हणून मोजून दाखवणारा त्यातला एकही नव्हता.

"दोन हजार!"

डावीकडे दोन खडक होते, मधे माणूस जाईल एवढी फट. आत वळल्याबरोबर गार तुषार तोंडावर आले आणि पांढराशुभ्र धबधबा समोर उभा राहिला.

"बाबा, अगदी वहीत लिहिलंय तसंच आहे हो!" सूनबाई ओरडल्या.

मुलगा भिजत उभा राहिला. "पुढच्या वेळी..." त्याने सुरुवात केली आणि आजोबांकडे पाहून थांबला.

"पुढच्या वेळी वाटाड्या घ्यायचाच," आजोबा म्हणाले. "हा घ्या. वजनाला हलका आहे, पण कुणाचं ऐकत नाही."

मग एका कोरड्या दगडावर बसून त्यांनी वहीतल्या तेराशेवर काट मारली. शेजारी लिहिलं: माझी सोळाशे. त्याखाली, ठळक अक्षरात: टिचकीची दोन हजार. पुढच्या वर्षी पुन्हा मोजणे. तिचं पाऊल वाढलेलं असेल.