माप लिहिणारी पेन्सिल

मी एका सुताराची चपटी लाल पेन्सिल बोलतेय. चपटी अशासाठी, की उतारावर ठेवली तरी घरंगळू नये. माझा मालक मात्र शिडीवरून पडला, थेट डोक्यावर.

तोवर माझं काम फक्त रेघ मारायचं. तो भिंतीपाशी माप घ्यायचा, ते डोक्यात ठेवायचा आणि करवतीपाशी येऊन फळीवर खूण करायचा. आकडा लिहून ठेवणारा सुतार कच्चा, असं तो धाकट्या भावाला हिणवायचा.

"स्कॅनमध्ये काही नाही, मार सौम्य आहे," डॉक्टर म्हणाले. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. दीड महिन्याने तो कामावर आला, तेव्हा उजेड सोसवेना, करवतीचा आवाज डोक्यात घुसे. भिंतीपासून करवतीपर्यंत दहा पावलं. तेवढ्यात आकडा पुसला जायचा. एका स्वयंपाकघरातल्या कपाटांची चारही दारं त्याने आखूड कापली.

"बरा तर दिसतोस," घरमालक म्हणाले. "मग लक्ष कुठे असतं?"

ते गेल्यावर धाकट्याने हातोडा आपटला. "मला माझा पहिला दादा पाहिजे."

"मलाही पाहिजे. सापडला तर सांग."

धाकटा रडायलाच लागला. मग नाक पुसून म्हणाला, "मापं मी लक्षात ठेवतो."

"तू? दुसरी चप्पल कुठंय तुझी?"

धाकट्याने खाली पाहिलं. खरंच एकाच पायात होती.

दादा हसला, आणि त्याने मला कानावरून काढलं. फळीवर आकडा लिहिला. लाजेने हात जड झाला होता, ते मला कळलं. दोनदा वाचून त्याने कापलं. धाकट्याने करवतीचं यंत्र बंद करून हातकरवत आणली होती. त्या दिवशी एकच दार झालं. दुसऱ्या दिवशी एकही नाही, दादा डोकं धरून अंधाऱ्या खोलीत पडून होता. चार दारांना अकरा दिवस लागले. चारही बसली.

त्याला आता दीड वर्ष झालं. डोकं अजून दुखतं. आकडा निसटला, की तो मुकाट दहा पावलं मागे जातो.

तुमच्या घरी असा कुणी असेल, तर "कधी बरा होणार?" म्हणून त्याच्या मागे लागू नका. यंत्र बंद करा, थांबा.

मी तासून तासून अंगठ्याएवढी उरलेय. आज त्याने जिन्याचं काम घेतलंय. तेरा पायऱ्या. सातवीचं माप लिहून झालंय. तेरावीपर्यंत मी पुरणार.