कोंड्याचा हात

मित्रांनो, मी जुना झालो आहे म्हणून माझं सगळं खरं माना, असं मी म्हणणार नाही. मी एक तबला आहे. मला डोळे नाहीत. मला फक्त हात कळतात, आणि हातांवर मी सहजासहजी विश्वास ठेवत नाही.

माझं खोड बीजा नावाच्या झाडाच्या लाकडाचं. तोंडावर बकरीचं कातडं आणि मधोमध काळी गोल शाई. तुम्हाला वाटेल, शाई म्हणजे दौतीतली. नव्हे. लोखंडाचा कीस शिजलेल्या भातात घोटला, थरावर थर दिले, दगडाने घासले, तेव्हा कुठे मला कंठ फुटला. गोंदियाला आगगाडी आली, तिच्यामागून एक परमुलखीचा कारागीर आला, त्याने मला घडवलं. घडवून झाल्यावरही तो मला टिचकी मारायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, "देखेंगे." घडवणाऱ्याचाच भरवसा असा, तर इतरांचं काय सांगू?

मला विकत घेतलं कामठ्याच्या बिसनलाल पटेलांनी. पूर्वज माळव्यातून आलेले, धानाची मोठी शेती, आणि स्वभाव असा की भरलेल्या घड्यातही डोकावून बघतील. एकदा गोंदियाला एका व्यापाऱ्याकडे तबल्याची बैठक होती. वाजवता वाजवता एका जागी सगळ्यांनी "वा" म्हटलं. पटेलांनीही घाईने "वा" म्हटलं, पण तोवर सगळे गप्प झाले होते. कोणीतरी हसलं. ते हसू पटेल घरी घेऊन आले.

"हे लोकं मिळून खोटी मान हालवतेत," ते म्हणायचे. "नाही तं सांगा मले, त्याहिले ऐकू काय येते?"

काय ऐकू येतं हे शोधायलाच त्यांनी मला आणलं, आणि मुलाला, धनलालला, शिकवायला रामलाल गुरुजी ठेवले. गुरुजी बनारसकडचे. गोंदियात राहायचे आणि बाजाराच्या दिवशी रेंगीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, बसून कामठ्याला यायचे. त्यांनी धनलालच्या मनगटाला गंडा बांधला. हा धागा बांधला की शिष्य घरचा. धागा नसलेल्याने शिकणं म्हणजे चोरी.

गुरुजी बोल सांगताना आवाज उतरवायचे. मध्येच थांबून दाराची चाहूल घ्यायचे. बाहेर छपरीत, म्हणजे पडवीत, पटेल बसलेले. महिनोन् महिने ते एकच 'धा तिरकिट' ऐकत होते. त्यांना वाटे, हा माणूस खरी विद्या पोटात ठेवून आपल्या पोराला नुसती टरफलं देतो आहे. गुरुजींना वाटे, या घरात कोणीतरी चोरून शिकतं आहे. आणि मला तर दोघांचंही खरं वाटे.

कारण दुपारी गडीमाणसं शेतावर गेली, की माझी गवसणी, म्हणजे अंगावरची खोळ, सुटायची. बांगड्या कोपराकडे सारल्याचा आवाज यायचा आणि एक परका हात माझ्यावर पडायचा. धनलालचा हात मऊ, राखेने कोरडा केलेला. हा घट्टे पडलेला, आणि त्याला धानाच्या कोंड्याचा वास. बोटांचा घाम टिपायला तो राख नव्हे, हाताशी असलेला कोंडाच लावायचा. माझ्या अंगाला नुसती खाज सुटे. मी अंग चोरून पडून राहायचो. पण चोर वाजवायचा ते तिरकिटच, अगदी हळू, बोटांच्या टोकांनी, शेजारच्या डग्ग्यालाही न दुखवता. तालात एक जागा अशी असते, जिथे डग्ग्यावरचा घुमारा थांबवायचा आणि रिकामेपण ऐकू द्यायचं. तिला खाली म्हणतात. तिथे हा हात जरा जास्तच उंच जायचा, जणू त्याला वरून काही झेलायचं आहे.

घरात बायका दोन. एक पटेलांची बायको सुमित्राबाई. तबला म्हणजे घरात आलेली अवदसा, असं त्या रोज बोलून दाखवायच्या. बकरीचं कातडं देवघराच्या भिंतीला टेकवता म्हणून नवऱ्याशी भांडायच्या. दुसरी धनलालची नवी बायको फुलवंता. तिरोड्याकडची, कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्यांचा मला आधीच वहीम. मी ठरवून टाकलं, चोर फुलवंताच.

मग कोंड्याने घात केला. तो माझ्या काठाच्या वेणीत साचला. त्याच्या वासाने किडे आले, आणि शाईत भात असतो हे त्यांना लगेच कळलं. त्यांनी शाई कुरतडली. पुढच्या बाजाराला धनलालने हात टाकला, तर मी चिरकलो.

गुरुजींनी माझ्या काठातला कोंडा नखाने उकरला, हुंगला.

"पटेलजी, यह मेरे शागिर्द का हाथ नहीं. घर में चोर है. या तो वह रहेगा, या मैं."

पटेलांच्या संशयाला लांब जावं लागलं नाही. बायकोचा तर तबल्यावर रागच. त्यांनी फुलवंताला विचारलं. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. सासऱ्याच्या घरात जी चोरून तबला वाजवते, ती आणखी काय काय करत असेल, असं पटेल बोलले आणि तिला माहेरी पोहोचवायला रेंगी जुंपायला सांगितली. मित्रांनो, त्या काळी अशी पोहोचवलेली सून परत आणली जाईलच, असं नसे. गाठोड्याची गाठ आवळल्याचं ऐकू आलं. अंगणात बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला.

तेवढ्यात आत धान कांडणारं मुसळ थांबलं.

"बैलं सोडा," सुमित्राबाई बाहेर येऊन म्हणाल्या. "हात माहा आहे."

"सुनेले वाचवाले कायले खोटं बोलतेस?" पटेल म्हणाले.

सुमित्राबाई माझ्यापुढे येऊन बसल्या. बांगड्या कोपराकडे सारल्याचा आवाज आला. तो मी ओळखला. कुरतडलेल्या शाईवर तो घट्ट्यांचा हात पडला आणि त्या कांडताना गुणगुणतात तसं गुणगुणू लागल्या:

मुसळ गेलं वर, बाई, हात रिकामा राहिला,
रिकाम्या हातानं धानाचा दाना पाहिला.

तेव्हा मला कळलं. कांडताना मुसळ एका हातातून वर फेकून दुसऱ्या हाताने झेलायचं, त्या अधांतरी क्षणी त्यांनी खाली शोधली होती. गुरुजींचे उतरवलेले बोल भिंतीआडून ऐकून त्यांनी ते उखळात कांडून पाहिले होते. हात उंच गेला, खाली आला, तिरकिट घरंगळत निघालं आणि समेवर, म्हणजे जिथून ताल निघतो आणि जिथे परत येतो त्या जागी, धा पडला.

त्याच क्षणी छपरीतून एक थाप ऐकू आली. पटेलांचा तळवा त्यांच्याच मांडीवर पडला होता, अगदी समेवर. कोणी सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात रोज सकाळी कांडणाचा हाच ताल ऐकत त्यांना जाग येत आली होती.

कोणी "वा" म्हटलं नाही. गुरुजींनी माझ्या काठातला उरलेला कोंडा फुंकून काढला. मग म्हणाले, "राख लगाइए, माताजी. कोंडा कीड़ों को बुलाता है."

आणि पुढचा बोल त्यांनी सांगितला, तो आवाज न उतरवता.

बैल सुटल्यावर सुमित्राबाईंनी सुनेला विचारलं, "तुले मालूम होतं?"

"तुमचं मुसळ तिरकिट करून राहिलं होतं, मामीजी. मले नाही समजन का?" सासूला ती मामीजी म्हणायची.

"मंग बोलली काऊन नाही?"

"तुमीच तं बोलल्या नव्हत्या."

माझ्यावर नवी शाई चढली. किती वर्षं मी त्या घरात वाजलो! मग गुरुजी गेले, पटेल गेले, सुमित्राबाई गेल्या. धनलाल गोंदियाच्या राइस मिलमध्ये कामाला लागला, तांदूळ मशीनवर निघू लागला, उखळ पालथं पडलं. मी धान साठवायच्या ढोलीवर धूळ खात राहिलो. यंदा देश स्वतंत्र झाला, तेव्हा गावातले सगळे ढोल बाहेर निघाले. मला कोणी बोलावलं नाही.

मित्रांनो, एवढंच मागतो. आमच्यावर गवसणी घाला, ओलीपासून जपा, बोटांना कोंडा लावू नका. आणि एखाद्या हातावर संशय घ्यायचाच असेल, तर आधी त्याचं एक आवर्तन ऐका.

परवा दुपारी माझी गवसणी पुन्हा सुटली. बांगड्या सारल्याचा आवाज आला. फुलवंताची लेक प्रेमिला असावी. हात नवा आहे. पण राख लावून आला आहे. माझा विश्वास अजून बसलेला नाही.

समेवर येऊ द्या. मग बघू.